समुद्राची रडार प्रतिमा अचूक कशी करावी: कच्च्या फाइलपासून पडताळणीपर्यंत

उपग्रहाच्या रडारने टिपलेली समुद्राची प्रतिमा पहिल्यांदा उघडली की ती करडी, दाणेदार आणि मळकट दिसते. हात आपोआप फिल्टरकडे जातो. फिल्टर लावला, दाणे गेले, चित्र सुबक झालं की काम झाल्यासारखं वाटतं. मीही सुरुवातीला कितीतरी महिने हेच करत होतो. मग एकदा त्याच सुबक प्रतिमेवरून वाऱ्याचा वेग काढला आणि बोयावरच्या (समुद्रात तरंगत्या मापनयंत्रावरच्या) नोंदीशी ताडून पाहिला, तर प्रत्येक ठिकाणी वेग कमी येत होता. चूक फिल्टरच्या कितीतरी आधी झाली होती, फिल्टरने ती फक्त झाकली होती.

तेव्हापासून मी एका गोष्टीवर ठाम आहे. समुद्राच्या रडार प्रतिमेची अचूकता पायऱ्यांच्या क्रमात असते. कुठली चूक कुठे शिरते हे कळलं, तर ती तिथेच काढता येते; पुढे गेल्यावर ती इतर चुकांत मिसळते आणि मग वेगळी करता येत नाही. खाली तो क्रम सविस्तर देतो आहे. उदाहरणं मुख्यतः सेंटिनेल-१ उपग्रहाची आहेत, कारण त्याचा डेटा कुणालाही मोफत मिळतो आणि तो हाताळणारं स्नॅप हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. तत्त्वं मात्र कुठल्याही सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडारला (उपग्रहाच्या प्रवासाचा उपयोग करून मोठ्या अँटेनासारखी बारीक प्रतिमा घडवणाऱ्या रडारला) लागू आहेत.

रडारला समुद्र कसा दिसतो

हे समजून न घेता पुढची एकही पायरी नीट करता येणार नाही. रडार समुद्राकडे तिरकं पाहतं. पाणी आरशासारखं सपाट असेल तर लहरी पुढे निघून जातात, परत काही येत नाही आणि प्रतिमा काळी दिसते. वारा सुटला की पृष्ठभागावर बारीक तरंग उठतात. त्यातल्या ठरावीक लांबीच्या तरंगांकडून परतलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात. ही लांबी काढायची रीत सोपी आहे: रडारची तरंगलांबी भागिले आपाती कोनाच्या (लहर उभ्या रेषेशी जितकी तिरकी पडते त्या कोनाच्या) साइनची दुप्पट. सेंटिनेल-१ची तरंगलांबी सुमारे ५.५५ सेंटिमीटर आहे, म्हणजे ३४ अंशांच्या कोनात त्याला जवळपास ५ सेंटिमीटर लांबीचे तरंग दिसतात.

म्हणजे शेकडो किलोमीटर उंचीवरून आपण बोटाएवढे तरंग मोजत असतो. मोठ्या लाटा, प्रवाह, तेलाचा तवंग, पाऊस, हे सगळं आपल्याला दिसतं ते या बारीक तरंगांवर होणाऱ्या परिणामातून. तेल त्यांना दाबून टाकतं म्हणून तवंग काळा दिसतो. १९७८ साली सीसॅट उपग्रहाने जेमतेम साडेतीन महिने काम केलं, पण तेवढ्यात त्याच्या रडारने समुद्रावरचे इतके आकार दाखवले की पुढची सगळी शाखा त्यावर उभी राहिली.

आधी ठरवा, काय मोजायचं आहे

‘अचूक’ या शब्दाला एकच अर्थ नाही. जहाज शोधणाऱ्याला जागा बरोबर हवी असते. तेजस्वितेत एक डेसिबल इकडेतिकडे झालं तर त्याचं फारसं बिघडत नाही. वारा काढणाऱ्याचं उलट आहे: जागा शंभर मीटर चुकली तरी चालेल, पण अर्धा डेसिबलही महाग पडतो. तवंग ओळखणाऱ्याला कडा शाबूत हव्यात. लाटांचा अभ्यास करणाऱ्याला तर स्पेकल, म्हणजे ते दाणे, काढणारा फिल्टरच नको असतो, कारण तो लाटाही पुसतो.

यावरूनच फाइल निवडा. सेंटिनेल-१चा आयडब्ल्यू प्रकार २५० किलोमीटर रुंद पट्टा टिपतो आणि किनाऱ्याजवळच्या बहुतेक कामांना तोच लागतो. ईडब्ल्यू ४०० किलोमीटर रुंद असतो, पण त्याचं रिझोल्यूशन कमी. खुल्या महासागरात उपग्रह बहुधा २० बाय २० किलोमीटरचे सुटे चौकोन घेतो, ते लाटांसाठी असतात. वारा, तवंग आणि जहाजांना जीआरडी प्रकारची फाइल पुरते. डॉप्लर (हालचालीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक) किंवा लाटांची दिशा हवी असेल तर फेज (लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर परतली ही माहिती) शिल्लक असलेली एसएलसी घ्यावी लागते; जीआरडीमध्ये फेज गेलेली असते आणि ती कुठल्याही उपायाने परत येत नाही.

पोलरायझेशनचंही, म्हणजे लहर उभी कंप पावते की आडवी याचंही, तसंच. वारा आणि तवंग यांसाठी व्हीव्ही (उभी सोडून उभीच टिपलेली लहर), कारण समुद्राचा प्रतिध्वनी त्यात सर्वांत जोरकस असतो. जहाजांसाठी व्हीएच (उभी सोडून आडवी टिपलेली) बरं, कारण त्यात समुद्र अंधारतो आणि लोखंड उठून दिसतं. चक्रीवादळाच्या पोटात पुन्हा व्हीएचच लागतं: फार जोराच्या वाऱ्यात व्हीव्हीची तेजस्विता वाढायची थांबते, व्हीएचची वाढत राहते.

कक्षेची फाइल

ही पायरी दोन मिनिटांची आहे, तरी वगळू नका. प्रतिमेबरोबर येणारी कक्षेची माहिती घाईत तयार झालेली असते. काही तासांत सुधारित आणि साधारण तीन आठवड्यांनी अगदी काटेकोर कक्षा उपलब्ध होते, जिची अचूकता ५ सेंटिमीटरच्या आत असते. जुनी प्रतिमा असेल तर काटेकोर फाइलच लावा. आजचीच प्रतिमा आज वापरायची असेल तर सुधारित पुरते. पुढे समुद्राच्या हालचालीमुळे येणाऱ्या चुका याहून कितीतरी मोठ्या आहेत.

नॉइज काढणे

समुद्राच्या प्रतिमांमध्ये सर्वांत जास्त हेळसांड याच पायरीची होते. जमिनीवर काम करणाऱ्यांना याची फारशी झळ बसत नाही, कारण जमिनीचा प्रतिध्वनी जोरकस असतो. समुद्राचा, त्यातही व्हीएचमधला, मंद वाऱ्यात रडारच्या स्वतःच्या उष्णतेतून येणाऱ्या नॉइजच्या पातळीला टेकतो. तुम्ही जे समुद्र म्हणून पाहता त्यातलं बरंचसं यंत्राची घरघर असते.

हा नॉइज सगळीकडे सारखा नसतो. आयडब्ल्यू प्रतिमा तीन उपपट्टे जोडून बनते, ईडब्ल्यू पाच, आणि प्रत्येक उपपट्ट्यात नॉइजचा आकार वेगळा असतो. म्हणून व्हीएच प्रतिमेत जोडाच्या ठिकाणी उभी धार दिसते, अगदी दोन कापडं शिवल्यासारखी. अँटेनाचा झोत उड्डाणाच्या दिशेने मागेपुढे फिरत असल्यामुळे आडवे फिकट-गडद पट्टेही उमटतात. २०१८च्या मार्चपासूनच्या फाइलींत या दुसऱ्या दिशेच्या नॉइजचे तक्तेही दिलेले असतात. त्याआधीच्या फाइलींत नसतात, तेव्हा जुन्या आणि नव्या प्रतिमा एकाच मालिकेत घालताना हे ध्यानात ठेवा.

नॉइज काढायचा तो मूळ पिक्सेलवर, कॅलिब्रेशन आणि फिल्टर यांच्या आधी. तक्ते मूळ ओळी-स्तंभांच्या हिशेबाने दिलेले असतात. प्रतिमा एकदा सरासरी घेऊन लहान केली किंवा नकाशावर बसवली की त्यांचा मेळ बसत नाही.

इथे एक बारीक सापळा आहे. नॉइज वजा केल्यावर मंद भागातले काही पिक्सेल ऋण होतात. हे चूक नाही. नॉइज सरासरीच्या वरखाली होत असतो, त्यामुळे वजाबाकीत काही आकडे शून्याखाली जाणारच. पण ‘शक्ती ऋण कशी असेल’ म्हणून ते शून्यावर छाटले, तर फक्त खालची टोकं कापली जातात, वरची राहतात आणि त्या भागाची सरासरी खोटी वाढते. आधी शेजारच्या पिक्सेलची सरासरी घ्या, मगच उरलेल्या ऋण आकड्यांचं काय करायचं ते ठरवा. तुमचं सॉफ्टवेअर हे छाटणं न सांगता करतं का, हेही एकदा आकडे उघडून बघा.

नॉइज नीट निघाला का हे तपासायला डोळा पुरत नाही. मोकळ्या समुद्राचा एक भाग घ्या, प्रत्येक स्तंभाची सरासरी काढा आणि आलेख मांडा. आलेख उतरत्या उतारासारखा सलग हवा. उपपट्ट्यांच्या जोडावर पायरी दिसली तर नॉइज शिल्लक आहे.

कॅलिब्रेशन

फाइलमधले आकडे हे नुसते आकडे असतात. त्यांचा वर्ग करून तक्त्यातल्या गुणकाच्या वर्गाने भागलं की सिग्मा नॉट मिळतो, म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात परतलेली शक्ती. समुद्रासाठी सिग्मा नॉटच निवडा, वाऱ्याची सूत्रं त्यावरच बांधलेली आहेत. उपग्रह चालवणारे हे तक्ते जमिनीवरचे परावर्तक आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलासारखा एकसारखा प्रतिध्वनी देणारा प्रदेश यांच्या आधारे तपासत असतात, त्यामुळे आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. डेसिबलमध्ये मात्र अजून जाऊ नका. कारण पुढे येतंच.

समुद्र नसलेलं सगळं बाजूला काढा

जमिनीचा मास्क (जमीन झाकणारा थर) लावताना किनाऱ्यापासून थोडं अंतर सोडा, निदान काहीशे मीटर. ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे आणि खडक किनारपट्टीच्या तयार फाइलीत नसतात. जहाजं शोधणाऱ्यांना ती दहा-वीस जहाजं वाटतात. वारा काढणाऱ्यांना किनाऱ्यालगत अचानक जोराचा वारा मिळतो.

दुसरी गोष्ट भूतप्रतिमांची. रडार ठरावीक वेगाने स्पंदनं सोडतं, आणि त्या मर्यादेमुळे एखाद्या फार तेजस्वी वस्तूची फिकट नक्कल उड्डाणाच्या दिशेने काही अंतर पुढे आणि मागे उमटते. सेंटिनेल-१च्या आयडब्ल्यूमध्ये हे अंतर साधारण ५ किलोमीटरचं असतं. जमिनीवर ती नक्कल लपून जाते, काळ्या समुद्रावर मात्र ठळक दिसते. बंदरासमोर भर समुद्रात फिकट, धूसर ठिपक्यांची रांग दिसली तर लगेच ताफा म्हणून नोंदवू नका. उड्डाणाच्या दिशेने पाच-सहा किलोमीटरवर बंदराच्या क्रेन किंवा इमारती आहेत का ते बघा. असल्या आणि ठिपक्यांची मांडणी तशीच असली तर ती भूतं आहेत. मास्क लावून तेजस्वी जमीन झाकल्यावर हा पुरावाच नाहीसा होतो, म्हणून ही तपासणी मास्कच्या आधी करा.

जमिनीवरच्या इतर रडारांच्या लहरी शिरल्याने पडणाऱ्या उजळ पट्ट्यांचा भाग सरळ वगळा. पावसाचंही तसंच. मुसळधार सरींखाली थेंबांचा मारा काही तरंग उठवतो, काही दाबतो. ढगातून खाली आदळणारी थंड हवा भोवती पसरते आणि उजळ कडेचं वर्तुळ उमटतं. असा भाग वाऱ्याच्या गणितात घेतला तर उत्तराला अर्थ राहत नाही.

स्पेकल आणि डेसिबलचा घोळ

आता ते दाणे. स्पेकल हा साध्या अर्थाने कचरा नव्हे. एका पिक्सेलमध्ये असंख्य तरंगांकडून आलेले प्रतिध्वनी असतात. कुठे ते एकमेकांत मिळून वाढतात, कुठे एकमेकांना मारतात. लुक म्हणजे त्याच जागेची स्वतंत्र झलक; अशा झलकांची सरासरी घेऊन प्रतिमा बनते. एका लुकच्या प्रतिमेत याचं विचलन सरासरीएवढंच असतं, म्हणजे शंभर टक्के. लुक वाढले की ते लुकच्या वर्गमुळाने कमी होतं. आयडब्ल्यूच्या जीआरडी फाइलमध्ये साधारण ४.४ लुक असतात, तेव्हा एकट्या पिक्सेलवर अजूनही ४८ टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता असते. म्हणूनच एका पिक्सेलवरून समुद्राबद्दल काहीही ठरवू नका.

वाऱ्यासाठी सर्वांत प्रामाणिक उपाय साधी सरासरी हा आहे. पिक्सेल १० मीटरचा असतो. ५० बाय ५० पिक्सेलची सरासरी घेतली की ५०० मीटरचा चौकोन मिळतो आणि स्पेकल दोन-तीन टक्क्यांवर येतो. वारा त्याहून बारीक अंतरात फारसा बदलतही नाही. जहाजांचे ठिपके मात्र आधी काढून टाका. एकटं पोलादी जहाज आख्ख्या चौकोनाची सरासरी वर ओढू शकतं.

तवंगासाठी कडा जपणारा फिल्टर हवा. सुधारित ली फिल्टर बहुतेक वेळा पुरेसा पडतो, त्याची खिडकी ५ किंवा ७ पिक्सेलची ठेवा. जहाज शोधायचं असेल तर फिल्टर लावूच नका. लहान होडी दोन-तीन पिक्सेलची असते आणि फिल्टर तिला स्पेकल समजून खाऊन टाकतो.

आता सुरुवातीला सांगितलेली माझी चूक. मी प्रतिमा आधी डेसिबलमध्ये नेली होती आणि मग सरासरी काढली होती. डेसिबल हे लॉगचं माप आहे, आणि लॉगची सरासरी ही सरासरीच्या लॉगपेक्षा नेहमी कमी येते. किती कमी, हे लुकवर अवलंबून असतं: एका लुकला २.५ डेसिबल, ४.४ लुकला साधारण अर्धा. अर्धा डेसिबल म्हणजे शक्तीत ११ टक्के घट. मध्यम वाऱ्याला त्यातून वेग सहज अर्ध्या मीटर प्रति सेकंदाने कमी निघतो, आणि तोही सगळ्या प्रतिमेत एकाच दिशेने, त्यामुळे कितीही सरासऱ्या घेतल्या तरी जात नाही. पाहताना काहीही खटकत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते. सगळं गणित सरळ शक्तीच्या मापात करा आणि डेसिबल फक्त शेवटी, पाहण्यासाठी.

आपाती कोनाचा उतार

आयडब्ल्यू पट्ट्याच्या जवळच्या कडेला कोन २९ अंश असतो, दूरच्या कडेला ४६. कोन वाढला की समुद्र अंधारतो. सारखा वारा असूनही प्रतिमेची एक बाजू उजळ आणि दुसरी काळपट दिसते ती यामुळे. तवंग किंवा समुद्रांतर्गत लाटांचे आकार पाहायचे असतील तर हा उतार काढा: प्रत्येक कोनाला ठरावीक वाऱ्यासाठी किती सिग्मा नॉट अपेक्षित आहे ते सूत्राने काढून त्याने भागा. वारा काढायचा असेल तर उताराला हात लावू नका, ती माहिती सूत्राला हवी असते.

नकाशावर बसवणे: समुद्राची पातळी शून्य नसते

समुद्र सपाट आहे, मग उंचीचा प्रश्नच कुठे येतो, असं वाटणं साहजिक आहे. पण उपग्रहाची भूमिती ज्या गणिती एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या गुळगुळीत, किंचित चपट्या आकारावर) चालते, त्याच्यापासून खरी समुद्रपातळी वरखाली असते. भारत आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ही पातळी एलिप्सॉइडच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, पृथ्वीवरची सर्वांत खोल खळगी. न्यू गिनीच्या आसपास ती ८० मीटरहून अधिक वर आहे.

रडार तिरकं पाहत असल्याने उंचीतली चूक आडव्या चुकीत बदलते: उंचीची चूक भागिले आपाती कोनाचा टँजंट. १०० मीटर खाली असलेला पृष्ठभाग शून्यावर धरला, कोन ३५ अंश असला, तर सगळी प्रतिमा उपग्रहापासून दूरच्या बाजूला १४० मीटरहून जास्त सरकते. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये ही चौदा पिक्सेलची चूक. कक्षा ५ सेंटिमीटरपर्यंत अचूक करून मग इथे १४० मीटर घालवणं मन खट्टू करणारं आहे. तेव्हा समुद्रावर जिऑइडची, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागाची, उंची वापरा, एलिप्सॉइडची शून्य पातळी नको.

स्नॅपमध्ये रेंज डॉप्लर टेरेन करेक्शन वापरत असाल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. उंचीची माहिती नसलेला भाग झाकून टाकण्याचा पर्याय तिथे मुळातच चालू असतो. तो बंद केला नाही तर जमीन राहते आणि सगळा समुद्र रिकामा होतो. नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक दिवस यात जातो.

समुद्र थांबत नाही

वरचं सगळं केल्यावर उरते ती सर्वांत खोल अडचण, आणि ती प्रक्रियेची चूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतच ती आहे. सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार उड्डाणाच्या दिशेतली जागा डॉप्लरवरून ठरवतं. वस्तू स्थिर आहे असं ते धरून चालतं. वस्तू स्वतः उपग्रहाच्या दिशेने किंवा विरुद्ध जात असेल तर तिचा डॉप्लर बदलतो आणि रडार तिला चुकीच्या जागी ठेवतं. ही सरक म्हणजे उपग्रहापासूनचं तिरकं अंतर भागिले उपग्रहाचा वेग, गुणिले वस्तूचा उपग्रहाच्या दिशेतला वेग.

आकडे घालून बघू. एक जहाज १० नॉटने, म्हणजे सेकंदाला ५.१ मीटरने, थेट उपग्रहाच्या बाजूला चाललं आहे. आपाती कोन ३८ अंश. तिरक्या दिशेतला त्याचा वेग सेकंदाला ३.२ मीटरच्या आसपास. अंतर सुमारे ८५५ किलोमीटर, उपग्रहाचा वेग सेकंदाला ७.५ किलोमीटर, भागाकार ११४ सेकंद. म्हणजे जहाज त्याच्या खऱ्या जागेपासून जवळपास ३६० मीटर सरकलेलं दिसणार. जहाज उपग्रहाकडे येत असेल तर उड्डाणाच्या दिशेने पुढे, दूर जात असेल तर मागे.

याचा पुरावा प्रतिमेतच दिसतो. जहाजामागे पाण्यावर उठलेला लांब माग जहाजाच्या वेगाने पुढे जात नाही, म्हणून तो जवळपास खऱ्या जागी राहतो. प्रतिमेत जहाज मात्र त्याच्या मागापासून बाजूला पडलेलं असतं, रूळ सोडून उभ्या राहिलेल्या गाडीसारखं. पहिल्यांदा पाहताना हे विचित्र वाटतं, पण ही देणगी आहे. मागाच्या टोकापासून जहाजापर्यंतचं उड्डाणदिशेतलं अंतर मोजा, वरचं सूत्र उलटं चालवा, आणि जहाजाचा वेग हातात येतो.

लाटांच्या बाबतीत हेच प्रकरण गुंतागुंतीचं होतं. लाटेवरचं पाणी वरखाली, पुढेमागे गोल फिरत असतं. लाटेचा प्रत्येक तुकडा वेगळ्या वेगाने हलतो आणि वेगळ्या अंतराने सरकतो. कुठे तुकडे एकत्र गोळा होतात, कुठे विरळ होतात. उड्डाणाच्या दिशेने जाणाऱ्या छोट्या लाटा यात पार पुसल्या जातात. खवळलेल्या समुद्रात साधारण २०० मीटरहून आखूड लाटा त्या दिशेत दिसतच नाहीत. कुठलाही फिल्टर त्या परत आणू शकत नाही, कारण त्या टिपल्याच गेलेल्या नसतात. उपग्रह जितका खाली, तितकं हे कमी. तेव्हा प्रतिमेतल्या उजळ रेषांमधलं अंतर मोजून लाटांची लांबी सांगताना लाट कुठल्या दिशेने जाते आहे हे आधी बघा. उड्डाणाला आडव्या दिशेने जाणाऱ्या लांब लाटांच्या आकड्यांवर विश्वास ठेवा, उड्डाणदिशेच्या आकड्यांवर जपून. एसएलसी असेल तर काही क्षणांच्या फरकाने घेतलेल्या दोन लुकची तुलना करून लाट इकडून तिकडे जाते की तिकडून इकडे, हेही कळतं. ही रीत एंगेन आणि जॉन्सन यांनी १९९५ साली मांडली.

प्रवाहांचा वेग डॉप्लरवरून काढायचा असेल तर हिशेब आणखी कडक होतो. ३५ अंशांच्या कोनात ५ हर्ट्झचा डॉप्लर म्हणजे पाण्याचा सेकंदाला जवळपास २४ सेंटिमीटर वेग. वारा आणि लाटांमुळे येणारा डॉप्लर बहुतेक वेळा प्रवाहाच्या डॉप्लरपेक्षा मोठा असतो. तो वजा केल्याशिवाय जे उरतं त्याला प्रवाह म्हणता येत नाही. अँटेना किंचित चुकीच्या दिशेला रोखलेली असली तरी आकडा बदलतो. त्यासाठी त्याच प्रतिमेतला जमिनीचा तुकडा वापरा: जमीन हलत नाही, म्हणून तिथे मिळणारा डॉप्लर हीच तुमची शून्य रेषा.

सिग्मा नॉटवरून वारा

व्हीव्हीसाठी सीमॉड५.एन हे सूत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. ते सिग्मा नॉट, आपाती कोन आणि वाऱ्याची दिशा घेऊन १० मीटर उंचीवरचा वेग देतं. अडचण दिशेची आहे. समोरून येणारा वारा आणि आडवा वारा यांना एकाच वेगाला वेगवेगळा सिग्मा नॉट मिळतो, म्हणून दिशा चुकली की वेगही चुकतो. हवामानाच्या मॉडेलमधून दिशा घेणं सोपं आहे, पण वाऱ्याची सीमारेषा मॉडेलमध्ये वीस किलोमीटर इकडे आणि प्रतिमेत तिकडे असेल तर मधल्या पट्ट्यात वेग खोटा येतो. अशा वेळी प्रतिमेतच वाऱ्याच्या दिशेने पडलेल्या समांतर रेघा शोधा. त्यांच्यावरून दिशा मिळते, फक्त वारा कुठल्या टोकाकडून आला ते कळत नाही. बेटाच्या किंवा डोंगराच्या आडोशाला पडलेली काळी सावली तेही सांगते. एचएच (आडवी सोडून आडवीच टिपलेल्या) प्रतिमेला हे सूत्र थेट लावू नका, आधी दोन पोलरायझेशनमधलं गुणोत्तर लावावं लागतं.

तवंगाच्या कामातही वाऱ्याचा आकडा आधी काढा. दोन-तीन मीटर प्रति सेकंदाहून मंद वाऱ्यात सगळाच समुद्र काळा असतो, तवंग वेगळा ओळखू येत नाही; दहा-बारा मीटरच्या वर लाटा तेल घुसळून टाकतात. मधल्या वाऱ्यातही शेवाळ, पावसाच्या सरी आणि निवाऱ्याचं शांत पाणी तवंगाचं सोंग घेतात. काळा डाग म्हणजे तेल, असं प्रतिमेवरून एकट्याने ठरवू नका.

पडताळणी

ही पायरी बहुतेक लेखांत दोन ओळींत आटोपली जाते, आणि मला वाटतं अर्धी लढाई इथेच हरली जाते. बोयावरचा वारामापक १० मीटरवर नसतो. तो ३ मीटरवर असला आणि सेकंदाला ८ मीटर वेग दाखवत असला, तर १० मीटरवर तो जवळपास ९ मीटर असतो. हा फरक न धरता तुलना केली तर बरोबर प्रतिमा चुकीची ठरते, किंवा दोन चुका एकमेकींना झाकतात आणि चुकीची प्रतिमा बरोबर ठरते. बोयाची नोंद काही मिनिटांची सरासरी असते, प्रतिमा एका क्षणाची. म्हणून बोयाभोवती काही किलोमीटरचा चौकोन घ्या आणि वेळेतला फरक अर्ध्या तासाच्या आत ठेवा.

एकच सरासरी चूक काढून थांबू नका. चुकांचा आलेख आपाती कोनासमोर मांडा, मग वाऱ्याच्या वेगासमोर, मग उपपट्ट्यांनुसार. कोनाबरोबर चूक वाढत गेली तर कॅलिब्रेशन किंवा नॉइजमध्ये गडबड आहे. सगळीकडे सारखीच कमी असेल तर डेसिबलची सरासरी आठवा. मंद वाऱ्यातच वेग जास्त येत असेल तर ऋण पिक्सेल कुठेतरी छाटले गेले आहेत.

जागेच्या पडताळणीसाठी जहाजांच्या एआयएस नोंदी (जहाजं रेडिओवरून स्वतः कळवतात ती जागा आणि वेग) उत्तम, पण वेळ नीट जुळवा. आयडब्ल्यूची एक प्रतिमा तयार व्हायला सुमारे २५ सेकंद लागतात. फाइलच्या नावातली वेळ सगळ्या जहाजांना लावली तर शेवटच्या ओळींतलं १० नॉटचं जहाज जवळपास १३० मीटर पुढे गेलेलं असतं. प्रत्येक जहाजाच्या ओळीची वेळ काढा, एआयएसच्या दोन नोंदींमधून त्या क्षणाची जागा काढा, आणि मग प्रतिमेतल्या ठिपक्यापर्यंत बाण काढा. सगळे बाण उपग्रहापासून दूरच्या बाजूला आणि सारख्याच लांबीचे असतील तर जिऑइड राहून गेला आहे. बाण उड्डाणाच्या दिशेने पुढे-मागे असतील आणि प्रत्येकाची लांबी त्या जहाजाच्या वेगाप्रमाणे बदलत असेल, तर प्रतिमा ठीक आहे. ती सरक जहाजांच्या स्वतःच्या हालचालीची आहे, आणि वरच्या सूत्राने ती एकेक करून काढून टाकता येते.